डोळे वाळेपर्यंत

प्रिय ऋजुता,

तुझी कथा दिवाळी अंकात वाचली. अभिनंदन आधीच करून टाकते, नंतर जमेलसं वाटत नाही. दुपारचे तीन वाजलेत. कारखान्यात सगळे जेवून आडवे झालेत, कॉम्प्रेसर बंद आहे आणि माझ्यासमोर आठ माघी गणपती डोळे वाळायची वाट बघत बसलेत. माझी लिहायची वेळ हीच, हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि त्याला कारण तू.

आठवतं ना, पेणच्या वाचनालयात महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण लिहिणारे जमायचो? तू रोह्याहून गाडीनं यायचीस, शाळेतल्या बाई, बोलणं कसं इस्त्री केलेलं. मी हमरापूरची, गणपतीचे डोळे आखणारी. लिहायला कुठली वेळ चांगली, असं मी विचारलं तर तू ठणकावून सांगितलंस, पहाटे चार. दुपारचं लिखाण आळसावलेलं असतं. मी वेडी, ऐकलं. आठ महिने चारला उठले. कागद कोरा, डोळे लाल. एकदा तर भर दुपारी ब्रश हातात असताना डुलकी लागली आणि देवाची भुवई थेट सोंडेवर उतरली. सासूबाई म्हणाल्या, "प्रणिता गो, तू झोप आधी. देवाला काय घाई नाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! डोळे आखून झाले की ते वाळेपर्यंत कुणीतरी राखणीला बसावंच लागतं, कुणाचा धक्का लागला तर सगळी मेहनत फुकट. तो तास माझाच होता. त्या तासात मी एका वहीत आईची गोष्ट लिहिली. चाळीस वर्षं डोळे आखणारी माझी आई, हात थरथरायला लागला तरी कुणाला कळू न देणारी. शेवटच्या मूर्तीचे डोळे तिनं माझ्या हातून आखून घेतले आणि सगळ्यांना सांगितलं, मीच आखले. ती गेल्यावर हे मी फक्त तुला सांगितलं, त्या वहीतून. तू वही महिनाभर ठेवलीस आणि परत देताना म्हणालीस, कच्चं आहे, दुपारचा वास येतो, छापायला देऊ नकोस. मी दिली नाही. घरी येऊन रडले आणि नंतर वर्षभर एक ओळ लिहिली नाही.

मग तुझा दिवाळी अंक आला. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून मैत्रिणीची कथा मोठ्या कौतुकानं मी त्यांना वाचून दाखवायला बसले. तिसऱ्या ओळीला माझी जीभ अडखळली, तरी वाचत राहिले. तुझी नायिका श्रावणातल्या पहाटे डोळे आखते, तिथं सासूबाई हसायलाच लागल्या. "पहाटे? त्या दमट हवेत रंग वाळतो व्हय? ही बाय कधी कारखान्यात गेलीच नाय गो!" त्यांना हसू आलं, मला नाही. बाकी सगळं माझं होतं, आईचा खोकलासुद्धा. तुझं एवढंच, की दुपारची पहाट केलीस. चोरी करायची तर निदान चार पावलं चालून कारखाना तरी बघायचा.

त्याच कथेला पुरस्कार मिळालाय आणि येत्या रविवारी रोह्याला सत्कार आहे, हे कळलं. सत्कार करणाऱ्या मंडळाची माणसं परवा हमरापुरात आली होती. सत्काराआधी एखाद्या कारागिरानं व्यासपीठावर डोळे आखून दाखवावेत आणि दोन शब्द बोलावेत, अशी त्यांची हौस. तुला अजून बोलले नसतील. मीच येतेय. आखायला दहा मिनिटं पुरतात, पुढचा वेळ मी वही वाचणार आहे. ही वही कधीची, असं कुणी विचारलंच, तर तीच पुढे करीन. तू हाडाची शिक्षिका ना! प्रत्येक पानाखाली लाल शाईनं 'तपासले' लिहून तारीख घातलीयस, सही केलीयस. मला तुझा भयंकर राग आलाय आणि तो मी रविवारपर्यंत उतरू देणार नाही. आजारी पडू नकोस, पहिल्या रांगेत बस. आणि पत्रातून माफी मागायच्या भानगडीत पडू नकोस. पाठवलीस, तर तीही तिथंच मोठ्यानं वाचीन.

रविवारपर्यंत तुझीच,
प्रणिता