पाणी मागून पाहिलेलं घर

वर्धा, ११ मे २०२५

ती. अण्णादादांस,
जयवंताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की धीरज स्पीकर लावतो आणि माझं बोलणं निम्म्या पुलगावात जातं, म्हणून कागद घेतला. घर शोधायला रीताकडे उतरून आठ दिवस झाले. शाळेत वीस वर्षं आम्ही शेजारच्या वर्गांत शिकवलं, पण ती एवढी घोरते हे आत्ता कळलं.

तुमच्या धीरजने सुचवलेला स्टेशनाजवळचा फ्लॅट पाहिला. दुसरा मजला, लिफ्ट नाही. दवाखाना, बँक, भाजीबाजार सगळं हाताशी, हे खरं. तेवढ्याच पैशात गावाबाहेर पिपरी मेघेला दोन खोल्यांचं सुटं घर मिळतं, पुढे अंगण. रस्ता मात्र कच्चा आणि नळ एक दिवसाआड. भाड्याचंही विचारून पाहिलं. गावात भाडं दीडपट, आणि प्रत्येक घरमालक आधी विचारतो की सोबत कोण राहणार. मी सांगते, कोणी नाही. मग त्यांना एकदम आठवतं की खोली भाच्यासाठी ठेवली आहे.

विकत घ्यायचं तर काट्यावर दोन्ही बाजू सारख्याच. म्हणून मंगळवारी भर दुपारी एक वाजता मी दोन्हीकडे दारं वाजवून प्यायला पाणी मागितलं. इमारतीतली दोन दारं उघडली नाहीत. तिसऱ्यातून जाळीआडून विचारलं, काय विकता. त्यांचंही चूक नाही, दिवस तसे आहेत. पिपरीत त्या घराला लागून कौशल्याबाई राहतात. अंगणात कुरड्या वाळत घालत होत्या. माठातलं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि मले सिलिंडर आनाले जा लागते, गाय येईल, जरा पाहत बसजा, असं सांगून निघूनही गेल्या. मी पाऊण तास परक्या अंगणात कुरड्या राखल्या. दादा, मला फार बरं वाटलं.

पिपरीचं घर घेते आहे. वहिनींना नमस्कार. तुमचा लोभ कच्च्या रस्त्यानेही यावा.

आपली,
जयवंता


पुलगाव, १५ मे

चि. जयवंतास,
अण्णाजीचे अ. उ. आ.

पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक साखर मागत होतं, त्याला मीठ बांधून दिलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तू दारोदार पाणी मागत फिरतेस?

जवाई गेले तेव्हा तुले मीच घरी आणलं. सव्वीस वर्षं मागची खोली तुझी. कोणी वाकडा शब्द बोललं काय? आता तू निघालीस तर लोक मलाच विचारतील, काऊन अण्णाजी, बहीण जड झाली काय? वर्ध्यातच राहायचं तर फ्लॅट घे, आणि तोही धीरजच्या नावावर. मीटर, टॅक्स, कागदपत्रं, या वयात कोण धावणार? तुझ्यामागे सगळं त्याचंच आहे. पिपरीत तुले ओळखते तरी कोण?

विमला स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे ते विचारून राह्यली. तू उत्तर देऊ नको. घरी येजो.

तुझा,
अण्णाजी


वर्धा, १८ मे

ती. अण्णादादांस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींना सांगा, स्वयंपाकघर पूर्वेला आहे आणि ओटा बरोबर त्यांच्या उंचीचा.

मागच्या खोलीत मला काही कमी पडलं नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तिथे एक खिळा ठोकायचा तरी मी तुम्हाला विचारत आले, आणि तुम्ही दर वेळी हो म्हणालात. मला आता विचारायचंच नाही.

घर माझ्याच नावावर होईल. धीरज माझा लाडका भाचा आहे. त्याला माझ्याकडे जेवण मिळेल, कागद मिळणार नाही. राहिलं धावणं. पोरांची हजेरी, खिचडी आणि निवडणुकीची ड्युटी एकत्र सांभाळलेल्या बाईला मीटरचं काय भय? लोकांनी विचारलं तर सांगा, बहीण ऐकत नाही. तुम्हाला खोटंही बोलावं लागणार नाही. आणि पुलगावात तरी मला कोण ओळखतं? पोरांच्या आयासुद्धा मला अण्णाजीची बहीणच म्हणायच्या.

रजिस्ट्री गुरुवारी, २९ तारखेला, अकरा वाजता. साक्षीदार दोन लागतात. एक रीता. दुसरे तुम्ही यावं ही इच्छा आहे, विनवणी नाही. न आलात तर ज्या ऑटोने जाईन त्याच्या चालकाची सही घेईन. त्याच्याकडे आधार कार्ड आहे, मी विचारून ठेवलं.

रागवा, पण लोभ सोडू नका.

आपली,
जयवंता


पुलगाव, २४ मे

चि. जयवंतास,
अ. उ. आ.

काल कोणाला न सांगता पिपरीला जाऊन आलो. तुला भेटलो नाही, राग होता. एकच्या उन्हात त्या कौशल्याबाईंचं दार वाजवलं आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन बाजूच्या घराकडे पाहत उभा राहिलो, तर त्या म्हणाल्या की घ्याले आले असाल तर वापस जा, ते जयवंताबाईनं घेतलं. मी मुद्दाम विचारलं, कोण जयवंताबाई. मग त्यांनी मला उभ्या उभ्या ऐकवलं. मास्तरीण हाये, एकटी राहनार हाये, कोनाले भेत नाई, माहा पेन्शनचा अर्ज तिनंच लिहून देल्ला. एवढं झाल्यावर माझं नाक निरखून पाहिलं आणि भिंतीवरून शेजारणीला ओरडून सांगितलं की जयवंताबाईचा भाऊ आला, चहा मांड.

मला ते आवडलं नाही, खोटं कशाला लिहू? पुलगावात माझ्या नावाने गल्ली ओळखतात. चहा मात्र दोन कप प्यालो. परत येताना बसमध्ये तेच आठवत होतं, आणि पुलगाव येईपर्यंत मी एकटाच हसत होतो.

रस्ता खरंच खराब आहे, चप्पल तुटली. मागच्या खोलीला कुलूप लावणार नाही, दिवाळीला तिथेच उतरायचं. विमला आठ दिवस तुझ्याकडे राहायला येणार आहे. तिने मला विचारलं नाही, सांगितलं.

गुरुवारी साडेदहाला पोचतो. ऑटोवाल्याला भाडं देऊन वाटेला लाव. सही मी करतो.

जयवंताबाईचा भाऊ,
अण्णाजी