बैलाचा फासा

नांदेड, दि. १ ऑगस्ट २०२४

ती. महामाया आत्यास,
सुगतचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर मी नुसतं हां हां करतो आणि ऐकत नाही, म्हणून अडचण असेल तर कागदावर लिही, अशी तुझी ताकीद आहे. तर लिहून राहिलो.

आमचा रविवारचा खेळ तुला माहीत आहे. वकारच्या टेलरिंगच्या दुकानावरच्या खोलीत बसतो. मी गोष्ट रचतो. वकार, त्याची बहीण जेबा आणि आमच्या ऑफिसातला बसवराज त्यातले वीर होतात, राक्षस माझ्याकडे. वार लागला की हुकला ते फासा टाकून ठरतं. गोष्ट मला बरी जमते गं, पण लढाई आली की सगळं बोंबलतं. गेल्या रविवारी एक दांडगा राक्षस आणला. तो जागचा हलेना, हे हलेनात. तीन तास आळीपाळीनं नुसती ठोकाठोकी. बसवराज भिंतीला टेकून घोरायला लागला. जेबानं मेथीच्या चार जुड्या निवडल्या. राक्षस मेला तेव्हा कोण मेलं म्हणून वकारनं मलाच विचारलं.

शेवटी जेबानं सांगून टाकलं, की अठरा तारखेला एक शेवटची लढाई, तीही अशीच झाली तर खेळ बंद. आत्या, बदली होऊन इथं आलो त्याला वर्ष झालं. या गावात मला हे तिघंच आहेत. खेळ गेला तर रविवारी मी भिंतीशी बोलत बसणार.

तू जन्मभर कबड्डीची पंच. भर मैदानात सख्ख्या भावाला, म्हणजे आमच्या पप्पांना, बाद दिलंस. माणसांचा जीव टांगणीला कसा लागतो ते तुझ्याइतकं कुणाला कळणार? आई तर अजून दर फोनला तिची चौऱ्याण्णवची बिलोलीची फायनल सांगते. काहीतरी सुचव.

माया आहेच, उत्तराची घाई तेवढी कर.
तुझा,
सुगत


लातूर, दि. ६ ऑगस्ट २०२४

चि. सुगत यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र वाचून लई हसले. तीन तास जागेवर उभं राहून मार खाणारा राक्षस मी पहिल्यांदाच ऐकला. त्याला घरदार न्हाई का रे? काही कामधंदा? गेल्या साली आमच्या गंजगोलाईच्या गोल बाजारात देवणीचा एक वळू उधळून घुसला होता. तो काय कुणाला मारायला आला नव्हता. त्याला घरी जायचं होतं आणि सोळा रस्त्यांत आपला कोणता ते कळत नव्हतं. पण माणसं कशी पळाली म्हणतोस! मी भांड्याच्या दुकानात शिरले आणि लाजेकाजेस्तव दोन तांबे विकत घेऊन बाहेर पडले.

तेव्हा राक्षस राहू दे, बैल आण. मैदान आखल्याशिवाय मी कधी शिट्टी वाजवली न्हाई, म्हणून सोबत गोलाईचा नकाशा काढून पाठवते. मधोमध मी माझ्या मनानं एक घंटा टांगली आहे. ती तीनदा वाजली की बैलाला वाट कळते, असं धर. बैलाला मारायचं न्हाई. कबड्डीत तरी सातही जणांना कुठं लोळवावं लागतं? हात लावायचा आणि दम टिकवून आपल्या हद्दीत परत यायचं, तेवढ्यानंच बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तुझ्या वीरांनी एकेकानं जाऊन घंटा वाजवायची आणि आपल्या रस्त्यावर परत. आणि हो, ज्याची पाळी त्यानं काय काय करतो ते एका दमात सांगायचं. दम तुटला की पाळी संपली. मग बघू कोण मेथी निवडतं ते.

जेवण वेळेवर करत जा. बसवराजला सांग, उघड्या तोंडानं झोपू नये.

आशीर्वाद भरपूर आहेत, अंगाला लागू दे.
तुझी आत्या


नांदेड, दि. १९ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सुगतचा जयभीम, वि. वि.

आत्या, काय सांगू तुला! बसवराज झोपला तर नाहीच, उलट खुर्चीवर उभा राहिला. जेबानं घंटा वाजवून परत येईपर्यंत श्वास असा धरला, की मीच घाबरलो. शेवटी वकार निघाला. घंटा वाजली, पण परतताना बैल आडवा आला. वकार लालबुंद होऊन एका दमात बोलून राहिला, खालून त्याचे अब्बा धावत वर आले, डॉक्टरला बोलवू का म्हणून. मी माझ्या नेहमीच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं बैलाचा फासा टाकला. बैल हुकला. वकार हद्दीत आला. त्यांनी मला अक्षरशः उचललं, आणि दर रविवारी बसायचं पक्कं झालं. मेथी तशीच राहिली.

आता खरं लिहितो. बैल हुकला नव्हता. फाशावर सगळ्यात मोठा आकडा पडला होता, म्हणजे बैलाची धडक बसली, वकार खलास. मी तिघांच्या तोंडाकडं बघितलं आणि खोटं बोललो. फासा किती पडला ते जेबा बघायला आली, तर मी मुठीत लपवला. सांगितलं तर तिघंही जातील, न सांगावं तर त्यांच्याकडं बघवत नाही. तुझ्यासारख्या पंचाला हे लिहायलाही लाज वाटते.

रागाव, पण पत्र पाठवच.
तुझा,
सुगत


लातूर, दि. २४ ऑगस्ट २०२४

चि. सुगत यास,
आत्याचे आशीर्वाद व जयभीम.

गाढवा, तो पुठ्ठा पहिला फाडून टाक. रविवारी तिघांना खरं सांग आणि इथून पुढं फासा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टाक. मी त्याच दिवशी, एक तारखेला, सकाळच्या एसटीनं येते. शिव्या पडल्या तर निम्म्या माझ्या अंगावर घेईन. का, ते आता वाच आणि हे पत्र जाळ.

बिलोलीची फायनल. शेवटची चढाई, एका गुणाचा खेळ. पोरगी अनवाणी, तळव्याला फोड आलेले, तरी दोघींना हात लावून परत निघाली. रेषेच्या वीतभर अलीकडं तिचा दम तुटला. आरडाओरडा एवढा होता, की मी सोडून कुणालाच कळलं न्हाई. शिट्टी तोंडात होती, पण वाजवली न्हाई. तिचा संघ जिंकला. मला मात्र महिनाभर झोप न्हाई. त्यानंतर मी कुणालाच सोडलं न्हाई. तुझ्या बापाला बाद दिलं ते त्याच रागात.

ती पोरगी कोण, ते तुला कळलंच असेल, दर फोनला ऐकतोस. त्या संध्याकाळी जिंकल्याच्या मिरवणुकीत तुझ्या बापानं तिला पहिल्यांदा बघितलं आणि पेढे घेऊन मागं मागं गेला.

म्हणून म्हणते, तुझा फासा तू उघड कर. मला तीस वर्षं तोंड उघडता आलं न्हाई. तेव्हा दम तुटला होता असं आज म्हणायला जावं, तर बाळा, तूच बाद होतोस.

शिट्टी सोबत आणते. तुझ्यावर जीव आहे, तो तसाच राहील.
तुझी,
महामाया आत्या