पानावरचे आडवे हात

अप्पा, काल आम्ही त्या इटालियन खानावळीत गेलो होतो, आमच्या नोव्हाय गावाबाहेर तळ्याच्या वळणावर आहे ती. तुम्ही अमेरिकेला आलात त्या उन्हाळ्यात तुम्हाला नेलं होतं तीच. म्हातारी मालकीण गेली, आता तिची सून बघते. बाकी सगळं तसंच आहे: टेबलावर कागद अंथरलेला, पोरांना चितारायला खडू, आणि सगळ्यांना मिळून एकच मोठं भांडं. नातीनं चापून खाल्लं. मी माझं ताट तसंच बाजूला सरकवलं. तिला वाटलं, आजीला चीज बाधलं.

तेव्हा मी कपडे अल्टर करायच्या दुकानात नुकती लागले होते. सातवीनंतर शाळा सुटलेली. इंग्रजी सगळं टीव्हीपुढे बसून आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन शिकलेलं. दुकानातल्या बायकांत मी फारसं तोंड उघडायची नाही, त्या हसल्या की हसायचं, एवढंच. तुम्ही आलात म्हणून आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी हौसेनं सगळ्यांना जेवायला नेलं. तुम्ही धोतर, कोट, टोपी अशा थाटात. आत शिरताच आधी मुदपाकखान्याच्या दारातून डोकावून आलात. जन्मभर लग्नाच्या पंगतींना रांधलेला माणूस, राहवेल कसं? "पातेली बघ कशी लख्ख आहेत. इथं बिनघोर जेवायचं," म्हणालात. ताट पुढ्यात आलं तेव्हा म्हणता, "शेवयाच की गं या! मोडायच्या राहिल्या वाटतं."

खानावळीची म्हातारी स्वतः वाढत होती. एकदा वाढलं, दोनदा वाढलं, तिसऱ्यांदा डाव घेऊन आली, तेव्हा तुम्ही पंगतीत करतात तेच केलंत. दोन्ही हात पानावर आडवे धरलेत आणि असे ओणवे झालात की टोपी सॉसला टेकायची राहिली. "नको, नको, बास! अहो बाई, बास!" तोंडभर हसू. आग्रह करणाराचं मन राखून नाही म्हणायची आपली रीत. ती बिचारी डाव धरून उभीच. माझ्या शेजारी बसलेल्या दुकानातल्या बाईनं मला विचारलं, "हे काय करतायत गं?"

मला माहीत होतं, अप्पा. तुमच्या मागं मागं पंगतीत वाढतच मी मोठी झाले. तरी मी इंग्रजीत म्हणाले, "कुणी ताट पळवेल म्हणून घाबरलेत. घरी पोटभर मिळत नाही ना."

टेबल हसून लोळायचं बाकी राहिलं. मालकीणबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या इंग्रजीला लोक पहिल्यांदाच हसले होते, आणि ते चुकीला नव्हे. इतकं बरं वाटलं मला! लाज मागाहून वाटली, फार मागाहून. गावंच्या गावं जेवू घातलेला माणूस तुम्ही.

सगळे हसतायत म्हणून तुम्हीही हसत होतात, हात अजून पानावरच. "काय गं पोरी, काय सांगितलंस?"

"तुम्ही मोठे आचारी आहात, तुम्हाला जेवण पसंत पडलं, असं सांगितलं."

तुम्ही उठून त्या म्हातारीला हात जोडलेत. गावी परत गेल्यावर जो भेटेल त्याला सांगत सुटलात की लेकीनं परमुलखात चारचौघांत माझी ओळख करून दिली, गोरी माणसं काय खूश झाली म्हणून सांगू! तुमच्या तेराव्याला आलेल्या लोकांनी मला तेच ऐकवलं. मी नुसती मान हलवली.

आता हे मराठीत लिहितेय, कारण घरात हे वाचता येणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तेवढी सावध मी अजून आहे. आणखी एक सांगते. वर लिहिताना ते ताट पळवण्याचं वाक्य मी आधी त्या शेजारच्या बाईच्या तोंडी घातलं होतं. एकदा नाही, दोनदा. दोन्ही कागद फाडले, तेव्हा कुठं हा तिसरा झाला.