ग्राफिक्स कार्ड चार बोटं लांब निघालं

प्रिय साडूभाऊ यांस,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र पोचून दीड महिना झाला आणि उत्तर आज जातंय, याबद्दल आधीच कान पकडतो. तुमच्या कमरेचं कळलं. पट्टा बांधा, वाकू नका, आणि गच्चीवरच्या टाकीत डोकावायची सवय सोडा. ती टाकी तुमच्याविनाही भरते. धाकटीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून आम्हा दोघांचा जीव भांड्यात पडला. (तिला आता सगळं स्वच्छ दिसतं असं तुम्ही लिहिलंय. तुमचीच काळजी वाटते.) मी बरा आहे. हिच्या गुडघ्याला पुष्कळ आराम आहे, आणि ही सध्या रोज सकाळी दहा ते साडेअकरा विमान चालवते.

शेवटचं वाक्य चुकून लिहिलेलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी हिला तीन महिने पाय स्टुलावर ठेवून बसायला सांगितलं होतं. पहिले पंधरा दिवस हिनं बसल्या जागेवरून माझ्या स्वयंपाकावर देखरेख केली, ते आम्हा दोघांनाही जड गेलं. मग लेकीनं फोनवर युक्ती सांगितली, की माझा जुना कॉम्प्युटर तिथं धूळ खात पडलाय, त्यावर विमान चालवायचा खेळ टाकून दे आईला. (खेळ म्हटलेलं हिला खपत नाही. 'सराव' म्हणायचं.) दोन माणसांचं छोटंसं विमान, पुढं पंखा, समोर बारा घड्याळं. आठ दिवसांत हिला सगळी घड्याळं पाठ झाली. उडायलाही शिकली. घोडं अडलं ते उतरण्याशी. धावपट्टी समोर दिसायला लागली की चित्र थबकायचं. आपण चहाचा एक घोट घ्यावा, कप खाली ठेवावा, आणि मग चित्र हलावं, तर विमान कोणाच्या तरी शेतात चाकं वर करून पडलेलं. पहिल्या महिन्यात ही एक्केचाळीस वेळा पडली. एकदा तर सलग तीन दिवस एकाच शेतात. तिथल्या शेतकऱ्याची आता ओळख झाली असेल, असं मी म्हणालो, ते हिला आवडलं नाही.

"चित्र अडकतं, म्हणून मी पडते," ही म्हणाली.

यावर गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "चित्र अडकतं, की ऐन वेळी तू घाबरतेस?"

त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात फक्त विमानाचा आवाज होता. तिसऱ्या दिवशी मी लेकीला फोन केला. तिनं सांगितलं की कॉम्प्युटरच्या पोटात ग्राफिक्स कार्ड नावाची एक वस्तू असते. तिचं काम एकच, पडद्यावरची चित्रं भराभर काढून देणं. (म्हणजे आमच्या मोजणी खात्यातला ड्राफ्ट्समनच. मला त्या वस्तूबद्दल तिथंच आपुलकी वाटली.) लेकीनं शिकत असताना घातलेलं कार्ड आता म्हातारं झालं असणार, ते बदला, असं तिचं म्हणणं. मी पाठवते म्हणाली, पण मी ऐटीत नको म्हणालो. दिवाणखान्याच्या रंगासाठी थोडे पैसे बाजूला ठेवले होते. ही म्हणाली, भिंती वर्षभर थांबतील, पण तेवढ्यातच बसवायचं, वर एक पैसा नाही. मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार सज्जन माणूस. त्यानं बसायला खुर्ची दिली, विमानाची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि शेवटी विचारलं, "काका, बजेट किती?" मी सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. रिपोर्ट वाचल्यावर डॉक्टर करतात तसं.

"एवढ्यात डबा येईल," तो म्हणाला.

"कसला डबा?"

"कार्डाचा. रिकामा."

मात्र माझा चेहरा पाहून त्यालाच वाईट वाटलं असावं. त्यानं एका व्हिडिओवाल्याचा पत्ता दिला. हा गृहस्थ लग्नाचे व्हिडिओ जोडून देतो. त्यानं नुकतंच नवं कार्ड घेतलं होतं आणि जुनं काढून टाकायचं होतं. त्याची खोली म्हणजे नुसत्या वायरी, आणि तीन पडद्यांवर तीन वेगवेगळे नवरदेव. त्यानं फडक्यात गुंडाळलेलं कार्ड असं काही दोन्ही हातांनी बाहेर काढलं, की मी नकळत उभा राहिलो. "चारशे लग्नं लागलीत याच्यावर," तो म्हणाला. "एकही अडकलं नाही." कार्डाला तीन पंखे. लांबी माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत. वजन म्हणाल तर मी एका हातात धरून दाखवायला गेलो आणि लगेच दुसरा हात लावला. पैशांत बसत होतं, शिवाय थोडे उरत होते. द्यायच्या आधी त्यानं एकच प्रश्न विचारला, "तुमचं कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, केवढी आहे?" आणि साडूभाऊ, ज्या माणसानं छत्तीस वर्षं जमिनीचे नकाशे काढले, ज्याच्या हातून अर्ध्या मिलिमीटरचीही चूक कधी साहेबापर्यंत गेली नाही, तो माणूस म्हणाला, "ऐसपैस आहे."

ऐसपैस नव्हतं. कार्ड चार बोटं लांब निघालं. पुढून घालून पाहिलं, मागून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. अरुंद जिन्यातून कपाट चढवताना आपण जे जे करतो ते सगळं केलं (पायानं ढकलणं सोडून). मध्ये एक लोखंडी पिंजरा होता, ज्यात कॉम्प्युटरची सगळी साठवण करणारी डिस्क बसवलेली असते. मग मात्र मला माझं शिक्षण आठवलं. फूटपट्टी घेऊन बसलो आणि त्या पेटीचा आतून बाहेरून प्रमाणबद्ध नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाणसुद्धा दाखवला. दीड दिवस गेला. नकाशा उत्तम झाला. त्यावरून सिद्ध झालं की कार्ड चार बोटं लांब आहे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला गळका नळ बघायला नळवाला आला. दारातून पेटी उघडी दिसली म्हणून थांबला, नकाशा न बघता पिंजऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "हा कशाला ठेवलाय? कापून टाकू." मला बोलायला वेळ मिळाला नाही. त्याच्या पिशवीत करवत होतीच. लोखंडाचा कीस सगळीकडे उडाला, मी फुंकर मारत राहिलो, ही खुर्चीतून "डिस्क जपा, डिस्क जपा" म्हणत राहिली. दहा मिनिटांत पिंजरा बाहेर. डिस्क त्यानं एका कोपऱ्यात उभी करून नळाला गुंडाळायच्या पांढऱ्या टेपनं बांधून टाकली. आमची सगळी कागदपत्रं, लेकीच्या बारशापासूनचे फोटो, सगळं आता त्या टेपवर उभं आहे. कार्ड बसलं. नळवाल्यानं हात पुसले, चहा घेतला आणि समाधानानं निघून गेला. नळ अजून गळतोय.

आता वाटेल की झालं. पण कार्डाच्या डोक्यावर आठ भोकांचं एक घर होतं, आणि तिथं विजेची वेगळी वायर लागते. आमच्या पेटीत तशी वायरच नव्हती. पुन्हा दाढी, पुन्हा इस्त्रीचा शर्ट. दुकानदारानं कार्डाचं नाव ऐकून दोन्ही हात जोडले. म्हणाला, तुमची जुनी वीजपेटी जेवढी वीज देते तेवढी याला नुसती नाश्त्याला लागते, वीजपेटीही बदला. उरलेले पैसे तिथं गेले. म्हणजे आमच्या दिवाणखान्याच्या चारही भिंती आता त्या कॅबिनेटमध्ये आहेत.

सगळ्या वायरी होत्या तिथंच परत जोडून बटण दाबलं तेव्हा तिन्ही पंखे असे सुटले की खिडकीचा पडदा हलला. ही खुर्चीत सावरून बसली, विमान उडवलं, एक गिरकी घेतली, उतरायला लागली. धावपट्टी दिसली. आणि चित्र थबकलं. मी चहाचा घोट घेतला. चित्र हललं. तेच शेत.

मला वाटलं होतं ही चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. हिनं बोटं उचलून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "राहू द्या. मला तरी कुठं खरंच जायचंय." आणि पाय स्टुलावरून काढून हळूहळू आत गेली. साडूभाऊ, लग्नाला अडतीस वर्षं झाली. या बाईनं माझ्याकडे मागितलेल्या वस्तू एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातली ही एक अशी गेली. मी त्या पंख्यांसमोर वारा खात बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही काठी टेकत आली. हातात टॉर्च. मला म्हणाली, पेटी फिरवा, मला तिची पाठ बघायची आहे. आता तुम्हाला ठाऊकच आहे, हिनं बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. पहिली कित्येक वर्षं तर हातानं दोऱ्या जोडायची. कोणाची दोरी कोणाच्या घरात, यात हिची चूक झाली असती तर गावातली निम्मी लग्नं मोडली असती. हिनं टॉर्च मारला आणि विचारलं, "पडद्याची दोरी कुठं लावली आहे?"

"मागं," मी म्हणालो.

"मागं दोन घरं आहेत. दोरी वरच्या घरात आहे. तुमचं कार्ड खालच्या घरात राहतं."

झालं होतं ते असं. कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवरही चित्र काढणारा एक लहानसा मदतनीस असतो, अगदी जुजबी कामापुरता. पडद्याची वायर त्याच्याकडे लागलेली होती. तो बिचारा एकटा सगळं विमान, सगळं आभाळ आणि ते शेत काढत होता, आणि चारशे लग्नांचा अनुभव असलेलं कार्ड शेजारी रिकामं बसून नुसते पंखे फिरवत होतं. हिनं दोरी काढली आणि खालच्या घरात खोचली. खट्. बत्तीस वर्षांचा खट्.

मग मात्र बघण्यासारखं होतं. नद्या वाहायला लागल्या, ढगांच्या सावल्या पडल्या. शेत दिसलं, पण खालून नुसतं निघून गेलं. हिनं विमान असं टेकवलं की चाकं टेकल्याचं मला घड्याळात बघून कळलं. हिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि ही पुन्हा उडाली. मी शेजारच्या खुर्चीत होतो. चित्र थबकत होतं तोवर मला काही होत नव्हतं, पण ते सलग हलायला लागल्यावर मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. ते हिच्या लक्षात आलं नसावं.

आता ती दोरी वरच्या घरात कोणी खोचली, याची चौकशी मी केलेली नाही आणि करणारही नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं तेव्हा सामान लावायला तुम्ही मुद्दाम रजा काढून आला होता, आणि मी वायरींना हात लावायला गेलो तेव्हा "बाजूला व्हा, माझी उभी हयात वीज खात्यात गेली आहे," असं म्हणाला होता, एवढं फक्त मला आठवतं. तुमचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

मात्र एक गोष्ट मनाला खात होती. गेल्या मंगळवारी ही गुडघ्याच्या व्यायामाला गेली असताना मी मोठं कार्ड काढलं, लेकीचं जुनं कार्ड परत बसवलं आणि दोरी त्याच्या घरात लावली. विमान लोण्यासारखं उडालं. पाच मिनिटं बघितलं. मग जुनं कार्ड काढलं, मोठं बसवलं, पेटी बंद केली आणि हात साबणानं धुतले.

धाकटीला आशीर्वाद, मुलांना गोड पापा. प्रकृतीला जपा.

आपला,
साडू

ता. क. मंगळवारचा परिच्छेद फक्त तुमच्यासाठी आहे. धाकटीला पत्र वाचून दाखवाल तर तेवढा गाळा. हिला वाटतं की नवऱ्यानं जिवाचं रान करून कार्ड आणलं म्हणून आपण उडतो. तसंच राहू दे.

ता. क. आणखी एक, आणि खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसलो होतो. सराव झाल्यापासून हिनं मनात घेतलंय की पुढच्या महिन्यात तुमच्याकडे यायचं, तेही विमानानं. मी आजवर विमानात बसलेलो नाही. दर वेळी काही ना काही कारण काढून आगगाडीची तिकिटं काढत आलो, ते का, हे आता तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेव्हा कृपा करून उलट टपाली हिच्या नावानं असं लिहा, की पुढचे तीन महिने तुमच्याकडे पाहुणे आहेत. नसतील तर बोलवा.

ता. क. भावजी, हे मी लिहिते आहे. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याच हाती दिलं आणि पाकीट चिकटवायचं विसरले. दोरी जर कार्डाला लागलीच नव्हती, तर जुन्या कार्डाचा काय दोष, हे मला टॉर्च मारला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही. रिटायर झाल्यापासून हे पहिल्यांदाच सकाळी दाढी करून घराबाहेर पडत होते. दिवाणखान्याच्या रंगापेक्षा ते मला बरं वाटलं. तिकिटं लेकीनं काढून दिली आहेत, यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही यांना हवं तसंच उत्तर पाठवा, पाहुणे आहेत म्हणून, म्हणजे निघायच्या दिवसापर्यंत हे निर्धास्त झोपतील. उतरताना यांचा हात मी धरीन. त्या दिवशी विमान दुसरं कोणीतरी चालवणार आहे, त्यामुळे माझे दोन्ही हात मोकळे असतील.