हेझेकायाच्या बाटलीची मान

शिकागो, ११ मार्च १९५७

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

हेझेकाया आजाला माती देताना मी नव्हते, ते अजून सलतंय. पण मागच्या वेळी पोटातलं गेलं, म्हणून डॉक्टरनं या पाचव्या महिन्यात रेल्वेचं नाव काढू दिलं नाही.

एक बातमी आहे. मे महिन्यात माझी गाण्याची तबकडी निघणार. कंपनीवाला म्हणाला, बाटलीची मान बोटात घालून गिटार वाजवणारी बाई त्यानं जन्मात पाहिली नाही. खरं सांगायचं तर मी इथे नळाच्या तुकड्यावर भागवते. लोक टाळ्या वाजवतात, पण तारेवरून घसरताना आजाच्या गिटारचा आवाज कसा माणसासारखा कण्हायचा, तो काही निघत नाही. त्याची ती बाटलीची मान पाठवशील? पिठाच्या डब्यात खुपसून दे, फुटायची नाही.

पाय वर घेऊन बसत जा. मला विसरू नको.

तुझी अर्लीन


स्वीटगम बेंड, मिसिसिपी, १९ मार्च

चि. अर्लीन,
अनेक आशीर्वाद. मी ठीक. गुडघे ठीक नाहीत, पण त्यांना कोण विचारतं.

ती मान कबरीवर आहे. रीतीप्रमाणे त्याच्या हातातलं सगळं मांडलं: कॉफीचा कप, चष्मा, दाढीचं भांडं, कंदील. एकेक हातोडीनं फोडलं, म्हणजे मरणाची साखळी तिथेच तुटते. मान तेवढी तशीच ठेवली. म्हटलं, फुटक्या बाटलीचीच आहे, मेलेल्याला आणखी किती मारायचं.

झालं, तुझ्या आईची मोझेल आत्या तेव्हापासून माझ्या डोक्यावर बसलीय. सख्ख्या भावाची कबर, रोज जाऊन बघते. म्हणते, लुव्हेनिया, अख्खी वस्तू ठेवली की मेलेला घरातल्या कुणालातरी बोलावतो, आणि दाराशी सगळ्यात जवळ कोण उभं आहे? जे अजून आत आलंच नाही ते. मी म्हटलं, मोझेल, हातोडी आधी तुझ्या जिभेवर चालवायला हवी होती.

आणि आजासारखा आवाज काढायला निघालीस, तर ऐकून ठेव. आठ वर्षांचा असताना त्यानं केरसुणीची तार सोडवून घराच्या भिंतीला ठोकली, खाली वीट सारली नि तारेवर बाटली फिरवत बसला. अख्खं घर घुमायला लागलं, म्हणून आईनं बडवला. पुढे त्याला ऐकायला लोक आठ-आठ मैल चालत यायचे. त्याची वाजवायची तऱ्हा उचललेली तीन पोरं आज तुझ्याच शिकागोत चकचकीत बूट घालून फिरतात, नाव घेत नाहीत त्याचं. मी चिडायचे. तो म्हणायचा, बाई, ती काय कोंबडी आहे, रात्री कोंडून ठेवायला?

कोट घालून बाहेर पड. माया आहे, लिहायची सवय नाही.

आजी


शिकागो, २ एप्रिल

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून चुलीत घाल. गेल्या आठवड्यात दोन दिवस अंगावरून रक्त गेलं. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलंय. पडल्या पडल्या मोझेल आत्याचं बोलणं डोक्यात फिरतं. मी शहरात आले म्हणून काय, माझी आईही त्याच मातीतली.

तरीही मागते. आजी, ती मान कबरीवरून उचल. मी मे महिन्यात वाजवीन, मग हवी तर इथे फोडीन. नळाच्या तुकड्यावर आजाचं गाणं म्हणजे मांजराचं शेपूट दारात सापडल्यासारखं. त्याचा आवाज असा माझ्या हातून जगापुढे गेला, तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

पाठवशील ना?

तुझी अर्लीन


स्वीटगम बेंड, ९ एप्रिल

चि. अर्लीन,
आशीर्वाद. तुझं पत्र वाचेपर्यंत मक्याची भाकरी करपली. तशीच खाल्ली.

आता माझं ऐक. कबरीवर जी मान ठेवली ती त्याची नव्हतीच. परसातल्या कुठल्याशा बाटलीची. त्याची माझ्या एप्रनच्या खिशात होती. सेहेचाळीस वर्षं संसार केला, वाटलं, एवढं एक ठेवावं. मोझेलला सांगितलं नाही. तुलाही थाप मारली. आणि मेलेल्यालाही फसवलं.

काल हातोडी घेऊन गेले. आधी ती खोटी फोडली. मग खरी खिशातून काढून त्याच्या उशाशी ठेवली. दोन घाव लागले. पहिला चुकला की मी चुकवला, देव जाणे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तुझ्या पोटावर मी पैज लावणार नाही.

रागावलीस? रागाव. आणि मग उठून कामाला लाग. तुझ्या आजानं माझ्यासमोर निदान अकरा माना बनवल्या. एक नदीत पडली, दोन चोरीला गेल्या, एक मी स्वतः विहिरीत फेकली. दर वेळी दुसऱ्या दिवशी आवाज तोच. म्हणजे काचेत काही नव्हतं. सुतळी घासलेटात भिजव, बाटलीच्या गळ्याला बांध, पेटव, विझत आली की गार पाण्यात बुडव. मान आपोआप सुटते. कड दगडावर घास. त्याचं बोट गाजराएवढं होतं, त्याची मान तुझ्या बोटात घोड्याच्या नालासारखी लोंबली असती. तुझ्या बोटाची तू कर.

अंगावरून जायचं थांबलं की उलट टपालानं कळव. काळजीत आहे, ते एवढ्यावर भागव.

आजी


शिकागो, १४ जुलै

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

दोन ओळींचं कार्ड मिळालं असेलच: मुलगी झाली, आठ पौंडांची, मोझेल आत्यासारखी ओरडते.

सहा बाटल्या वाया गेल्या, सातवी नीट सुटली. मे महिन्यात वाजवायला बसले तेव्हा सातव्या महिन्याचं पोट, गिटार त्यावर टेकलेली, नि आतून लाथा. कंपनीवाला म्हणाला, हेझेकायासारखं वाजव. मी जीव तोडून केलं. पण त्याचं निघालंच नाही, निघालं ते काहीतरी वेगळंच. तबकडी पाठवलीय. आवडली नाही तर स्पष्ट सांग, तुला कुठे भीड आहे.

तुझी आणि मोझेल आत्याची,
अर्लीन


स्वीटगम बेंड, ५ ऑगस्ट

चि. अर्लीन आणि तुझ्या आरडाओरड्या पोरीस,
आशीर्वाद.

घरी तबकडी वाजवायचं यंत्र नाही. म्हणून चर्चची टोपी घातली नि भर दुपारी त्या अड्ड्यावर गेले, जिथे तुझा आजा तीस वर्षं वाजवायचा आणि मी कधी पायरी चढले नव्हते. मोझेल सोबत, बायबल छातीशी धरून. मासे तळणारा, पत्ते पिसणारे, सगळे उभे राहिले. मी म्हटलं, बसा, मी पाद्री नाही.

तबकडी लागली. मी त्याला शोधत होते. सुरुवातीला नव्हता. मध्ये एका वळणावर वाटलं, आला, पण ती तूच होतीस, तुझ्या आईसारखी हट्टानं वर चढत गेलेली. शेवटपर्यंत तो कुठेच आला नाही.

अर्लीन, तेव्हा मला कळलं, हेझेकाया गेला. तोवर मी संध्याकाळी दोघांचं ताट वाढत होते आणि मोझेलला सांगत होते, चुकून वाढलं.

मग तिथेच बसून रडले, चारचौघांत, टोपीसकट. मोझेलनं बायबल खाली ठेवून रुमाल दिला, तिनं बायबल खाली ठेवणं म्हणजे केवढं, तुला माहीत आहे. नाक पुसलं आणि मासे तळणाऱ्याला म्हटलं, पुन्हा लाव. आता मला माझ्या नातीचं ऐकायचंय.

आजी लुव्हेनिया