वाढत्या अंगाची गवसणी

बनी पार्क, जयपूर
१६ नोव्हेंबर १९८६

चि. सदाशिव यास अक्काचे आशीर्वाद.

मंगळवार, ११ नोव्हेंबर रोजी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी तुझं पार्सल उघडलं, आणि तेव्हापासून मी तुझ्यावर रागावलेली आहे. तरी आधी विचारायचं ते विचारते. तुझा गुडघा कसा आहे? प्रतिमाचं पित्त? विभाच्या लग्नाच्या धावपळीत दोघं वेळेवर जेवता ना? इकडे हे मजेत आहेत (निवृत्त रेल्वेवाल्याला मजेत राहायला जुनं वेळापत्रक आणि गरम चहा पुरतो). माझी प्रकृती ठणठणीत आहे. तिच्याच जोरावर पुढचं लिहिते.

मी निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात शाळा मला भिंतीवरचं घड्याळ देत होती. ते नाकारून मी बँडच्या खोलीत धूळ खात पडलेला, फुंकून वाजवायचा तो अगडबंब ट्यूबा मागून घेतला, हे तुला माहीत आहे. (प्रतिमा त्याला ‘अक्कांचा भोंगा’ म्हणते, हे मला माहीत आहे.) लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांनी नाजूक मुलींना क्लॅरिनेट दिलं आणि मला ट्यूबा, कारण मला फुप्फुसं होती. आता १४ डिसेंबरला विभाचं लग्न सांगलीला, ट्यूबा माझ्याबरोबर येणार, आणि वाटेत दोनदा गाडी बदलायची. तेव्हा चांगली गवसणी असल्याशिवाय तो डब्यात चढणार नाही, अशी यांनी अट घातली. अट रास्त होती म्हणून मी ती मानली. असं वारंवार होत नाही.

गवसणी कशी असावी, हे मी तुला दोन पानं भरून कळवलं होतं. ती अंगाबरोबर बसली पाहिजे. आत वाद्य हललं की बोटांनी दाबायच्या कळा वाकतात आणि तोंडाची कड चेपते. म्हणून तोंडाशी जाड अस्तर, खाली दुहेरी कापड, आणि पट्टा असा की साठी उलटलेल्या बाईलाही खांद्यावर घेता यावा. इथे मी कमी हिंडले नाही. तबल्याची गवसणी मिळते, तंबोऱ्याची मिळते. लग्नाच्या बँडवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “मॅडमजी, हम तो कंधे पर ही रखते हैं.” इथल्या सोडाला भागात स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवणारा एकजण तयार झाला, पण याचं हँडल कोणतं, हे तो दोनदा विचारून गेला. तेवढ्यात तुझं पत्र आलं, की आमचा गजानन टेलर सर्कशीचे तंबू शिवतो, त्याच्यापुढे तुझा भोंगा काय. मी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवली, त्यांवर ट्यूबा आडवा निजवला आणि पेन्सिलीने त्याची कड काढून तुला पाठवली. त्याहून अचूक माप माणसाचंही कोणी घेत नाही.

आणि तू काय केलंस? सोबतच्या चिठ्ठीत अभिमानाने लिहिलंस, “अक्का, चहूबाजूंनी चार-चार बोटं जास्त ठेवायला लावली आहेत. वाढत्या अंगाची बरी.”

सदाशिव, ट्यूबा पितळेचा आहे. त्याचं वय माझ्याएवढं असेल, आणि माझ्यासारखाच तो आता वाढायचा थांबला आहे. आपल्या आईने सगळ्यांना वाढत्या अंगाचं शिवलं, हे मी विसरले नाही. माझा शाळेचा झगा पहिलीपासून सातवीपर्यंत फक्त दुमड सोडत चालला, आणि तुझा मुंजीतला कोट तुझ्या लग्नाच्या फोटोतही आहे. पण आईला निदान समोर मूल दिसत होतं.

रंगीत तालीम म्हणून आम्ही दोघं गवसणी घेऊन सायकलरिक्षाने स्टेशनवर गेलो. पहिल्याच वळणावर ट्यूबाने आत कूस बदलली. रिक्षावाल्याने वळून विचारलं, “माताजी, अंदर कोई है क्या?” स्टेशनात शिरेपर्यंत आतून असा खडखडाट चालला होता, की सामानाच्या खिडकीवरच्या बाबूने मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, “बर्तन हैं? कितने आदमियों का खाना है?” मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “दो सौ.” मग त्या बाबूने मला लग्नात दालबाटी पुरेशी होते का यावर पाच मिनिटं सल्ला दिला. कॉन्व्हेंटात मला काट्याचमच्याने आंबा खायला शिकवलं होतं, पण अशा प्रसंगी काय बोलावं ते कोणी शिकवलं नाही. घरी येऊन पाहते, तर ट्यूबाच्या तोंडाच्या कडेला लिंबाएवढा पोचा.

तेव्हा तू मला एवढंच लिहून दे, की ट्यूबा पूर्ण वाढलेला आहे आणि चूक तुझी आहे.

तुझी,
अक्का

ता. क. गवसणी परत मागवू नकोस. रागाच्या भरात मी आमची जयपुरी रजाई तिच्यात कोंबली, तर ती त्या चार बोटांत चहूबाजूंनी अशी चपखल बसली की ट्यूबा आता उलटा केला तरी हूं की चूं करत नाही. हे आता स्वेटर घालून झोपतात. काल म्हणाले, “या घरात एकाला तरी ऊब आहे.” तंबूवाल्याची शिवण पक्की आहे, असं गजानन टेलरला सांग. स्वतःला मात्र सांगू नकोस.

ता. क. दोन. ट्यूबा लग्नाला येणार हे मी ठरवलं आहे. त्याला बोलावलं मात्र कोणी नाही, हे मला समजतं. सातव्या वर्षी विभा सुट्टीत इथे आली होती, तेव्हा शाळेच्या बँडच्या खोलीत याच्या तोंडात डोकं घालून म्हणाली होती, “आत्या, माझ्या वरातीत हाच वाजव.” ती विसरली असेल. मी तीन चाली बसवल्या आहेत (एक जरा सुतकी आहे, ती गाळेन). तेव्हा व्याह्यांना विचार. ‘ट्यूबा’ म्हणू नकोस, ‘वाद्य’ म्हण. उत्तर ३० नोव्हेंबरच्या टपालापर्यंत, लेखी. ‘हो’ असेल तर तुझं अक्षर चालेल. ‘नाही’ असेल तर ते विभाच्या हातचं हवं.