राहून गेलेला दुसरा आषाढ

दारात एकाच जागी उभे राहून सूर्योदय पाहणाऱ्याला एक गोष्ट कधी ना कधी खटकतेच: पूर्व दिशा जागची हलत नाही, सूर्य मात्र वर्षभर उगवण्याची जागा बदलत राहतो. माझे आयुष्य या एका कोड्यावर गेले, म्हणून आरंभ त्यानेच करतो.

मी पेन सारुन, वय ब्याऐंशी, व्यवसाय होरा, म्हणजे गावाच्या तिथी, महिने आणि मुहूर्त मांडणारा. राहणार अंकोरवाट मंदिराच्या पश्चिमेचे गाव, सियाम रीप. डोळे अधू आहेत, बुद्धी शाबूत आहे, कोणी भरीस घातलेले नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. खांबांवरचे लाकडी घर आणि कुंपणातले दोन ताड मुलगी चान्नारी हिचे. पूर्वेची खिडकी कोणत्याही कारणाने बुजवू नये.

२. माझा भाचा वुथा प्रवाशांना मंदिर दाखवतो. गणित शिक, म्हणून त्याला सात वर्षे विनवले. तो म्हणाला, "मामा, अधिकमास आता फोन सांगतो. आणि तुमचं चुकलं तर तुम्हाला कोण सांगणार?" आपण कुठे बोट ठेवले हे त्याला ठाऊक नव्हते. सावली मोजायची काठी त्याला द्यावी. प्रवाशांना शिखर दाखवायला उपयोगी पडेल. कोष्टकांची वही चितेवर ठेवावी. ती वाचू शकणारा कोणी उरलेला नाही.

३. वुथाच्या प्रश्नाचे उत्तर मंदिरातच आहे. ते येथे नोंदवतो. सूर्य वर्षभर दोन टोकांमध्ये येरझारा घालतो. टोकांजवळ तो इतका रेंगाळतो की आज आणि कालचा फरक डोळ्यांना कळत नाही. मध्यावर मात्र रोज सुमारे पाऊण बिंब सरकतो. पश्चिमेच्या फरसबंद वाटेवर उभे राहिले, की नेमका याच मध्याच्या दिवसांत सूर्य मधल्या शिखराच्या टोकावर उगवतो. जिथे तो सर्वांत वेगाने चालतो, तिथेच त्याला पकडता येते. त्यानंतर सुमारे चोवीस दिवसांनी आपले नवे वर्ष. चैत्राच्या वद्य पक्षात सूर्य त्या टोकावर कधीही येत नाही. आला, तर मोजणारा चुकला.

४. नव्या राजवटीने शहरे रिकामी करून सर्वांना शेतांवर राबायला हाकलले, त्या चार वर्षांत पंचांग जवळ बाळगणे हाही गुन्हा होता. माझी तेव्हाची कोष्टके जाळली गेली. आमच्या तुकडीतली एकोणीस घरे मला हळूच महिना विचारत, आणि मी चंद्र पाहून, तोंडी गणिताने सांगत असे. तिसऱ्या वर्षी अधिकमास, म्हणजे दुसरा आषाढ, धरायचा होता. मी तो धरला नाही. त्यामुळे भाद्रपदातला पितरांचा पंधरवडा मी त्या आणि पुढच्या, दोन्ही वर्षी महिनाभर आधी सांगितला. माझ्या शब्दावर माणसांनी पातळ पेजेतली चार शिते काढून बांधावर ठेवली. त्या पंधरवड्यात मृत आपल्या नावाचा घास सात विहारांत शोधतात, अशी आपली श्रद्धा. खरा पंधरवडा आला तेव्हा ते सात विहार धुंडाळत फिरले असतील. विहार ओस होते आणि बांधही रिकामे होते.

सुटका झाल्यावर मार्चमध्ये त्या वाटेवर उभा राहिलो. माझ्या हिशोबाने चैत्र वद्य अष्टमी होती. सूर्य शिखराच्या टोकावर उगवला. तेव्हा कळले.

त्या तुकडीतली येन आज शेजारी राहते. तिचा मुलगा रिथ पहिल्याच वर्षी भुकेने गेला. मी तिला सांगायला गेलो होतो. माझ्या आधी तीच बोलली: "दादा, तुम्ही नसता तर माझा रिथ तिकडंही उपाशीच राहिला असता. लोकांची मुलं हात हलवत परत गेली, माझा जेवून गेला." आणि तिने ताडगुळाची ढेप हातात ठेवली. ती मी घेतली. गेली पंचेचाळीस वर्षे, दर वर्षी घेत आहे.

५. कलम चार येनला वाचून दाखवावे. ती जे बोलेल ते चान्नारीने उलट उत्तर न देता ऐकावे. पितरांच्या पंधरवड्यात माझ्या नावाने भात ठेवू नये. रिथच्या आणि त्या एकोणीस घरांच्या मृतांच्या नावाने ठेवावा. उशिरा ठेवलेला भात पोचतो, असा आधार मला एकाही पोथीत सापडलेला नाही. तरी ठेवावा.

६. यापुढे महिना कोणीही सांगो, होरा किंवा फोन, पडताळून घ्यावा. मार्चच्या या दिवसांत उंबऱ्यावर पावलांभोवती खडूने रेघ ओढावी आणि दूरच्या एखाद्या झाडाशी सूर्य कुठे उगवतो ते पाहावे. सात दिवसांनी त्याच रेघेत उभे राहावे. सूर्य पाच बिंबे डावीकडे गेलेला दिसेल. न दिसल्यास सूर्यावर संशय घेऊ नये.

स्थळ: राहते घर. फाल्गुन शुद्ध नवमी, बुद्धशक २५६७, दिनांक १८ मार्च २०२४. तिथी छापील पंचांगावरून घेतली आहे, माझ्या गणितावरून नाही.

सही: पेन सारुन

साक्षीदार:
१. केओ समनांग, निवृत्त शिक्षक (सही)
२. येन, शेजारीण (अंगठा; कलम चार तिला अद्याप वाचून दाखवलेले नाही)